विजेच्या गाडीत अपडेटने काय बदलले, हे मालकाला लेखी कळलेच पाहिजे : एक खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष आणि सदस्य, वाहन उद्योग मानक समिती

विषय : विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटची लेखी नोंद मालकाला देणे बंधनकारक करण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मी नाशिकमध्ये राहते आणि विजेवर चालणारी मोटार रोजच्या कामासाठी वापरते. हे पत्र एका गाडीची किंवा एका कंपनीची तक्रार म्हणून लिहिलेले नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे आणि ती मला ठाऊक आहे. मला जे मागायचे आहे ते या देशातल्या प्रत्येक विजेच्या गाडीच्या मालकासाठी मागायचे आहे. गाडी विकल्यानंतर कंपनी जेव्हा जेव्हा तिच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करते, मग तो बदल मोबाइलच्या नेटवर्कवरून घरबसल्या उतरो किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडून केला जावो, तेव्हा आधीचे व्हर्जन कोणते होते, नवे कोणते आले, गाडीच्या कोणत्या भागाच्या वागण्यात काय फरक पडला आणि तो का करावा लागला, हे मालकाला समजेल अशा भाषेत लेखी मिळाले पाहिजे. ती नोंद गाडीबरोबर कायम राहिली पाहिजे आणि ती देण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

ही मागणी वरवर किरकोळ वाटेल, म्हणून आज व्यवहारात काय घडते ते थोडे तपशिलाने सांगते. गेल्या पावसाळ्यापूर्वी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. परत घेताना जे जॉब कार्ड हाती आले ते मी जपून ठेवले आहे. त्यावर वायपरचे रबर बदलल्याची ओळ आहे. तिच्यापुढे पार्ट नंबर आहे, नग आहे, दर आहे, जीएसटी आहे. एसीच्या फिल्टरचीही तशीच सविस्तर ओळ आहे. आणि त्यांच्या खाली, किमतीच्या रकान्यात शून्य असलेली एक ओळ आहे : ‘सॉफ्टवेअर अपडेट डन, ओके’. बॅटरी किती भरायची, ती किती वेगाने भरू द्यायची, मोटरला किती ताकद द्यायची आणि पाय उचलल्यावर गाडी किती रोखायची हे सगळे ज्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते, त्यात झालेल्या बदलाची ही संपूर्ण नोंद आहे. तिच्यात व्हर्जनचा क्रमांकही नाही.

त्यानंतर मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरत होते. आमच्यासारख्या गाड्यांत घाट उतरताना ब्रेकच्या पेडलवर फारसा पाय ठेवावा लागत नाही, कारण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट जनित्रासारखी चालते, गाडी आपोआप मंदावते आणि त्यातली थोडी वीज बॅटरीत परत जाते. याला आम्ही मालक मंडळी नुसते ‘रिजन’ म्हणतो. हात आणि पाय या रिजनला इतके सरावतात की कोणत्या वळणाआधी पाय कुठे उचलायचा हे विचार न करता ठरते. त्या दिवशी मी नेहमीच्या जागी पाय उचलला आणि गाडी नेहमीएवढी मंदावली नाही. ब्रेक लावला, वळण नीट पार पडले, काही अनर्थ झाला नाही. पण पुढचा सगळा घाट मी गाडी नव्याने ओळखत उतरले. सर्व्हिस सेंटरला फोन केल्यावर उत्तर मिळाले की नव्या व्हर्जनमध्ये रिजन जरा ‘स्मूथ’ केले आहे, बऱ्याच ग्राहकांची तशी मागणी होती. मागणी असेलही, बदल चांगलाही असेल. मात्र ज्या बाईने ती गाडी त्यांच्या दारातून बाहेर काढली आणि रस्त्यावर चालवली, तिला तो कोणी सांगितला नव्हता.

मालकांशी बोलताना हीच कथा वेगवेगळ्या रूपांत ऐकू येते. अपडेटनंतर शंभर टक्के चार्जिंगवर पूर्वी जितके किलोमीटर दिसायचे त्याहून कमी दिसू लागतात. फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांच्या आधीच वेग उतरू लागतो. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उभ्या गाडीत उतरते आणि सकाळी दारच उघडत नाही. पडद्यावर धोक्याचा इशारा येतो आणि गाडी टोइंग करून न्यावी लागते, तिथे ‘पुन्हा अपडेट मारून’ ती परत दिली जाते आणि जॉब कार्डावर पुन्हा तीच एक ओळ असते. गाडीच्या पडद्यावर येणारी सूचनाही याहून बोलकी नसते. ‘बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स’ एवढे इंग्रजी वाक्य, आणि खाली होकाराचे बटण. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही अशा, कर्ज काढून विजेची टॅक्सी घेतलेल्या चालकांनी कशाला होकार दिला, हे त्यांना कसे कळावे?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पडद्यावरचे किलोमीटर कमी दिसले म्हणजे दर वेळी बॅटरीची क्षमता खरोखर कमी झालेली असते असे नाही. आपल्याकडे अनेक गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या, म्हणजे एलएफपी बॅटऱ्या असतात. त्या उष्णता बऱ्यापैकी सोसतात आणि टिकाऊ असतात, परंतु त्यांच्या सेलचा व्होल्टेज चार्जिंगच्या मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे आत किती वीज शिल्लक आहे हे नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही; बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, आत किती प्रवाह गेला आणि बाहेर किती आला याचा हिशेब ठेवून अंदाज बांधते. हा अंदाज हळूहळू चुकत जातो, म्हणूनच अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरा असे कंपन्या सांगतात. अपडेटमध्ये हिशेबाची ही पद्धत सुधारली, किंवा तळाशी राखून ठेवायचा साठा थोडा वाढवला, तर पडद्यावरचा आकडा बदलणारच, आणि तो नवा आकडा जुन्यापेक्षा खराही असू शकतो. एवढे दोन ओळींत लिहून दिले असते तर घराघरांतली काळजी मिटली असती. ते लिहून दिले जात नाही म्हणून ज्याची बॅटरी ठणठणीत आहे तो मालक सर्व्हिस सेंटरच्या खेपा घालतो, आणि ज्याच्या बॅटरीत खरोखर दोष आहे त्यालाही ‘सगळ्यांचेच तसे दिसते’ असे सांगून परत पाठवता येते. माझ्या मते या दुसऱ्या माणसाचे नुकसान सर्वांत मोठे आहे.

कारण विजेच्या गाडीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी असते आणि तिच्यावर साधारणपणे ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी दिली जाते. बॅटरीचे आरोग्य, म्हणजे नवी असतानाच्या तुलनेत उरलेली क्षमता, ठरावीक टक्क्यांच्या खाली गेले तर ती वॉरंटी लागू होते. आता हे आरोग्य मोजते कोण? गाडीतलेच सॉफ्टवेअर. ते लिहिते कोण? कंपनी. ते विक्रीनंतर बदलण्याचा अधिकार कोणाकडे? कंपनीकडे. आणि वॉरंटीचा दावा मान्य करायचा की नाही हे ठरवते कोण? तेही कंपनीच. या साखळीत मालकाच्या हाती मोजमापाचा एकही कागद नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत ही अडचण ओळखली आणि बॅटरीच्या आरोग्याची माहिती गाडीच्या बीएमएसमधून कायदेशीर खरेदीदाराला वाचता आली पाहिजे अशी तरतूद केली. ती १८ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडे तशी तरतूद व्हावी यासाठी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. परंतु निदान अपडेटच्या आधी आणि नंतर बॅटरीचे आरोग्य किती दाखवले गेले, हे दोन आकडे त्या लेखी नोंदीत असावेत, ही मागणी याच पत्रात बसते.

परदेशातील एक प्रकरण मी मुद्दाम मांडते, कारण त्यातून प्रश्नाची नेमकी जागा दिसते. हाँगकाँग आणि शांघायमध्ये टेस्लाच्या गाड्यांना आगी लागल्यानंतर मे २०१९ मध्ये कंपनीने मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांसाठी, बॅटरी अधिक सुरक्षित राहावी म्हणून, एक अपडेट पाठवले. त्यानंतर काही जुन्या मॉडेल एस गाड्यांमध्ये बॅटरीचा कमाल व्होल्टेज खाली आला, म्हणजेच ती पूर्वीएवढी भरेनाशी झाली. मालकांनी अमेरिकेत न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ मध्ये १,७४३ गाड्यांच्या मालकांसाठी १५ लाख डॉलरची तडजोड झाली. प्रत्येकाच्या वाट्याला ६२५ डॉलर आले. ही रक्कम मोठी की लहान, हा वाद मला करायचा नाही. तिथल्या मालकांना गाडीतला आकडा स्वतः टिपून ठेवून, एकमेकांशी ताडून, आपल्या गाडीत काय झाले हे शोधून काढावे लागले.

याउलट जनरल मोटर्सने नोव्हेंबर २०२० मध्ये शेव्हरोले बोल्ट गाड्यांच्या बॅटरीला आग लागण्याचा धोका आढळल्यावर चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखणारे सॉफ्टवेअर दिले, तेव्हा ते रीतसर रिकॉल म्हणून, म्हणजे दोष दूर करण्यासाठी गाड्या परत बोलावून, कारण सांगून दिले. मालक नाराज झाले, कारण गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर, कमी झाली होती. पुढे बॅटरीचे भागही बदलून द्यावे लागले. परंतु आपल्या गाडीत काय केले आहे आणि का केले आहे, हे पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला माहीत होते. दोन्ही प्रकरणांत कंपनीने बॅटरीला मर्यादाच घातली. सुरक्षेसाठी मर्यादा घालावी लागली तर ती घातलीच पाहिजे, त्याबद्दल कोणाही शहाण्या मालकाची तक्रार असणार नाही. न सांगता घालणे मात्र चालणार नाही.

असे कोणी म्हणू नये की आपल्या कंपन्यांना हे जमणार नाही. जुलै २०२२ मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्ही प्राइम बाजारात आणली तेव्हा रिजनच्या वेगवेगळ्या पातळ्या, क्रूझ कंट्रोल आणि टायरमधील हवेचा इशारा या नव्या सोयी आधीच्या सुमारे २२ हजार मालकांनाही सॉफ्टवेअर अपडेटने मोफत देण्याचे जाहीर केले. काय मिळणार, कोणाला मिळणार, केव्हापासून मिळणार हे त्यात स्पष्ट होते. २०२४ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या भारतात परत बोलावल्या, तेव्हा आयसीसीयू या चार्जिंग नियंत्रक भागाचे सॉफ्टवेअर बदलायचे आहे आणि त्या दोषामुळे बारा व्होल्टची बॅटरी उतरू शकते, हे भागाच्या नावासह सांगितले गेले. नवी सोय देताना किंवा रिकॉल करताना जर एवढी स्पष्टता शक्य असते, तर या दोहोंच्या मध्ये येणाऱ्या असंख्य अपडेटच्या बाबतीतच ती का शक्य नसावी?

आता कायद्याकडे येते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला आपल्या वाहनात करता येत नाही. हा नियम योग्य आहे. रस्त्यावर धावणारे वाहन कसे आहे हे शासनाला माहीत असले पाहिजे. पण ज्या काळात हा नियम लिहिला गेला त्या काळात वाहन विकल्यानंतर त्यात हात घालू शकणारा मालकच असे. आज मालक घरात झोपलेला असताना, अंगणात उभ्या असलेल्या त्याच्या गाडीचे वागणे तिसराच कोणी बदलू शकतो, आणि त्याची मालकाला कळेल अशी नोंद कुठेही होत नाही. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर लहानसा बदल झाला तरी फेरफार नोंद पडते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, आणि वीस वर्षांनी कोणी विचारले तरी काय, केव्हा आणि कोणत्या आधारे बदलले हे सापडते. गाडीच्या बाबतीत तेवढेच मागणे आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. परंतु ते कलम पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना इजा पोहोचवू शकणाऱ्या दोषांसाठी आहे. रेंज घटणे, चार्जिंग मंदावणे, घाटात गाडीचे वागणे बदलणे यांतले फारच थोडे त्यात बसेल. उरलेल्यांसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ आहे, त्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणही आहे. तिथे दाद मागायची तर पुरावा लागतो, आणि अपडेटआधी गाडी कशी होती याचा पुरावा कंपनीच्या सर्व्हरवर असतो, मालकाकडे नसतो. जिल्हा आयोगासमोर उभा राहणारा निवृत्त शिक्षक किंवा छोटा दुकानदार तो कुठून आणणार? लेखी नोंद बंधनकारक झाली तर असे कितीतरी दावे उभेच राहणार नाहीत, कारण खरे काय ते दोघांसमोर असेल, आणि जे उभे राहतील ते लवकर निकाली निघतील.

आपल्या समितीला हा विषय नवा नाही, हे मी जाणते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक मंचाने जून २०२० मध्ये सायबर सुरक्षेसाठी १५५ क्रमांकाचे आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी १५६ क्रमांकाचे विनियम स्वीकारले. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या वाहनांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांना ते लागू झाले. भारत या विनियमांमागील १९५८ च्या कराराचा सदस्य नसल्याने ते आपल्यावर आपोआप बंधनकारक नाहीत, आणि म्हणूनच आपल्या समितीने त्याच धर्तीवर सायबर सुरक्षेसाठी एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-१९० या मानकांचे काम हाती घेतले. हे पाऊल योग्य आहे. १५६ क्रमांकाच्या विनियमात मालकाच्या दृष्टीने फार मोलाच्या गोष्टी आहेत. नेटवर्कवरून येणारे अपडेट बसवण्याआधी वापरकर्त्याला त्याचा हेतू सांगितला पाहिजे, ते किती महत्त्वाचे आहे आणि सुरक्षेसाठी किंवा रिकॉलसाठी आहे का हे सांगितले पाहिजे, गाडीच्या कामात काय बदल होईल, किती वेळ लागेल, त्या काळात काय चालणार नाही हेही सांगितले पाहिजे. अपडेट अर्धवट राहिले तर गाडी आधीच्या व्हर्जनवर परत गेली पाहिजे किंवा सुरक्षित स्थितीत राहिली पाहिजे. अपडेट पूर्ण करण्याएवढी वीज गाडीत असल्याखेरीज ते सुरूच होता कामा नये.

यांतली प्रत्येक अट कशासाठी आहे हे घडलेल्या घटनांवरून समजते. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या चांगआन मार्गावर वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या निओ कंपनीच्या गाडीत अपडेट सुरू झाले आणि ती गाडी तासाभराहून अधिक काळ भर रस्त्यात जागची हलली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत रिव्हियन कंपनीकडून अपडेटची चुकीची प्रत पाठवली गेली आणि काही मालकांच्या गाड्यांचे पडदे बंद पडले. कंपनीने चूक तातडीने कबूल केली, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मला सर्वांत अस्वस्थ करते ते २०२५ मधील व्होल्वोचे प्रकरण. सॉफ्टवेअरच्या एका ठरावीक व्हर्जननंतर काही गाड्यांत, पाय उचलून, रिजनच्या ठरावीक मोडमध्ये, सलग १ मिनिट ४० सेकंद किंवा अधिक वेळ उतारावर गाडी सोडली तर ब्रेक काम करेनासे होण्याचा धोका आढळला, आणि अमेरिकेत त्यासाठी रिकॉल करावा लागला. सपाट शहरात हा प्रसंग कदाचित कधीच येणार नाही. पण कसारा, खंबाटकी, आंबेनळी, ताम्हिणी, फोंडा, आंबोली हे आमचे रोजचे रस्ते आहेत. कोणत्याही कंपनीचे नवे व्हर्जन आमच्या लांब उतारांवर, पावसात, भरलेल्या गाडीसह तपासले गेले होते का, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला असला पाहिजे, आणि ते विचारण्यासाठी आधी आपल्या गाडीत कोणते व्हर्जन आहे हे तरी माहीत असले पाहिजे.

तपासणीची सोय आपल्याकडे नाही असेही नाही. पुण्याची एआरएआय ही वाहन चाचणी संस्था १९६६ पासून हे काम करते आहे, समितीचे सचिवालयही तिथेच आहे. पुण्यातच सीआयआरटी आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे, हरियाणात मानेसरला आयकॅट आहे. गाडी विकताना जाहिरातीत जो रेंजचा आकडा छापला जातो तो अशाच संस्थेच्या चाचणीतून आलेला असतो. ज्या सॉफ्टवेअरसह ती चाचणी झाली ते गाडीत राहिलेच नाही, तर त्या प्रमाणपत्राचा मालकाला उपयोग काय? ब्रेक, रिजन, बॅटरीची क्षमता, चार्जिंगचा वेग किंवा रेंज यांना स्पर्श करणारे प्रत्येक अपडेट चाचणी संस्थेला कळवले गेले की नाही, आणि तिने ते तपासले की नाही, हे मालकाच्या नोंदीत एका ओळीत लिहिलेले असावे.

माझी मुख्य चिंता अशी की मानक लागू होईल ते नव्या गाड्यांना, आणि २०२० पासून रस्त्यावर आलेल्या गाड्यांचे मालक बाहेरच राहतील. या लोकांनी चार्जर नसताना, शेजारी-पाजारी हसत असताना, सोसायटीत पंधरा अँपियरच्या एका प्लगसाठी सभा गाजवून गाड्या घेतल्या. आज महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली, ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरून विजेच्या गाडीने नागपूर गाठणे ही नवलाई उरलेली नाही. हे दिवस येण्यात त्या पहिल्या मालकांचा वाटा आहे. लेखी नोंद देण्यासाठी गाडीत नवा भाग बसवावा लागत नाही. कंपनीकडे ही सर्व माहिती असतेच. व्हर्जन बदलताना तिच्या अभियंत्यांनी ती लिहिलेली असते. म्हणून नोंदीची अट आधी विकलेल्या गाड्यांनाही पहिल्या दिवसापासून लागू करण्यात तांत्रिक अडचण दिसत नाही. नेटवर्कवरचे अपडेट आणि सर्व्हिस सेंटरमध्ये केलेले अपडेट असा भेदही त्यात नसावा, कारण आपल्याकडे आजही महत्त्वाचे बदल बहुधा वर्कशॉपमध्येच होतात.

ही नोंद कंपनीच्या अ‍ॅपवर ठेवून भागणार नाही. गाडी दुसऱ्याला विकली की अ‍ॅपचे खाते बदलते आणि जुना इतिहास नव्या मालकाला दिसत नाही. शिवाय कंपन्याही कायमच्या नसतात : अमेरिकेतील फिस्कर कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या ओशन गाड्यांच्या मालकांना एकत्र येऊन, संघटना उभारून, गाड्यांचे सॉफ्टवेअर चालू ठेवण्याची धडपड करावी लागली. म्हणून नोंदीची एक प्रत सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी पोर्टलवर, गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेली असावी. पीयूसी, विमा आणि फिटनेस जिथे दिसतात तिथेच सॉफ्टवेअरचे व्हर्जन आणि त्याचा इतिहास दिसावा. जुनी गाडी घेणाऱ्याला, अपघातानंतर येणाऱ्या विमा सर्व्हेअरला, आणि अपघाताचा तपास करणाऱ्या पोलिसांनाही त्याचा उपयोग होईल. नोंद मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत असावी, आणि ‘सुधारणा केल्या’ यासारखी मोघम वाक्ये नोंद म्हणून ग्राह्य धरू नयेत.

कंपन्यांकडून दोन हरकती येतील असे मला वाटते. पहिली, व्यावसायिक गुपित उघड होईल. आम्ही प्रोग्राम मागत नाही. पाय उचलल्यावर गाडी पूर्वीपेक्षा कमी मंदावेल, हे सांगण्यात कोणते गुपित फुटते? दुसरी, सुरक्षेतील फटी जाहीर केल्या तर त्यांचा गैरफायदा घेतला जाईल. ही हरकत रास्त आहे, आणि तेवढ्यापुरता तपशील काही काळ चाचणी संस्थेकडेच राखून ठेवण्याची मुभा देता येईल. पण अपवाद किती काळासाठी आहे हेही लिहिलेले असावे, नाहीतर सगळीच अपडेट त्या अपवादात जातील.

एआयएस-१९० च्या अंमलबजावणीचे नियम ठरवताना मालकांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, अशी विनंती आहे. कंपन्या, चाचणी संस्था आणि मंत्रालय यांना या विषयात बोलण्याची जागा आहे. गाडी विकत घेणाऱ्याला ती मसुद्यावर हरकती मागवल्या तरच मिळते, आणि मसुदे इंग्रजीत असतात. पुण्यात एक दिवस सुनावणी ठेवली तर नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, संभाजीनगरचे मालक आणि टॅक्सीचालक आपापली जॉब कार्डे घेऊन येतील. माझ्या गाडीची सर्व जॉब कार्डे, अपडेटच्या सूचनांची छायाचित्रे आणि सर्व्हिस सेंटरशी झालेला पत्रव्यवहार समितीला हवा असेल तेव्हा मी सादर करीन, आणि माझ्या गाडीतील सॉफ्टवेअर कोणत्याही चाचणी संस्थेने तपासावे यास माझी पूर्ण संमती आहे.

आपली विश्वासू,
विजेच्या मोटारीची एक मालक, नाशिक